पुस्तक उद्योजकाचे, लेखणी दुसऱ्याची

सांगलीत अलीकडे एका उद्योजकाचे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि त्यात काय लिहिले आहे यापेक्षा ते कोणी लिहिले याचीच चर्चा जास्त झाली. एका बाजूचे म्हणणे असे की, ज्या माणसाने आयुष्यात धड दोन पानी पत्र लिहिलेले नाही, त्याच्या नावावर अडीचशे पानांचे पुस्तक यावे ही वाचकांची उघड फसवणूक आहे. दुसऱ्या बाजूचे उत्तर असे की, हे सगळेच करतात. पैसे मोजून घर बांधून घ्यावे तसे त्यांनी पुस्तक लिहून घेतले, त्यात तिसऱ्याने बोलण्याचे कारण नाही. एकाला सगळा प्रश्न लिहिणाऱ्या हाताचा वाटतो, दुसऱ्याला तो व्यवहाराचा वाटतो, आणि या दोघांच्या भांडणात मूळ प्रश्न बाजूलाच पडला आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते. आपले अनुभव दुसऱ्याकडून लिहून घेण्यात गैर काहीही नाही. सातारा-सांगलीसारख्या भागाला तर त्याची गरजच आहे. मात्र पुस्तकातल्या प्रत्येक विधानाचे उत्तर देण्याची तयारी नाव लावणाऱ्याने ठेवली पाहिजे आणि ज्याने ते लिहिले त्याचे नाव पुस्तकात छापले पाहिजे. या दोन अटींपैकी एकही मोडली, तर पुस्तक कितीही चांगले उतरले तरी त्याचे समर्थन करता येणार नाही. मी स्वतः शब्दांकनाचे काम करते, त्यामुळे या प्रश्नात माझे हितसंबंध गुंतलेले आहेत, हेही वाचकांनी लक्षात घ्यावे.

गरज आहे असे मी का म्हणते? आपल्या दोन जिल्ह्यांतल्या उद्योगांचा इतिहास पाहावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर १९१० साली कारखाना उभारला. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपवता खपवता लक्ष्मणरावांच्या नाकी नऊ आले, हे आज शाळकरी मुलालाही सांगता येते. ते सांगता येते, कारण लक्ष्मणरावांच्या घरातच लेखणी चालवणारा माणूस होता. त्यांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० साली त्याच माळावर वसलेल्या किर्लोस्करवाडीतून मासिक सुरू केले आणि पुढे काकांचे चरित्रही लिहिले. सातारा रोड या गावी धनजीशहा कूपर यांनीही कारखाना उभारला, नांगर आणि पुढे इंजिने बनवली. १९३७ मध्ये ते काही महिने मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळाचे प्रमुख होते. तरीही किर्लोस्करवाडीची गोष्ट सर्वसामान्य मराठी वाचकाला जितकी ठाऊक आहे, तितकी कूपरांच्या कारखान्याची नाही. दोन्ही कारखान्यांत तितकेच लोखंड वितळले, तितकेच घाम गाळणारे हात होते. एकाच्या वाट्याला लिहिणारा आला, इतकाच फरक असेल, तर तो नशिबाचा फरक आहे. प्रत्येक उद्योजकाच्या घरी असा पुतण्या कुठून असणार?

सांगली जिल्ह्यातलीच दुसरी गोष्ट घ्या. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातले लोक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशाच्या कानाकोपऱ्यांत गेले. केरळातल्या किंवा तामिळनाडूतल्या सराफ बाजारात गलाईचे दुकान दिसले, तर तिथला माणूस माणदेशाकडचा निघण्याची शक्यता मोठी. पावसाने पाठ फिरवलेल्या गावांतून, हातात भांडवल नसताना, परभाषेच्या मुलखात जाऊन ज्यांच्या हाती लोकांनी किलोकिलोने सोने विश्वासाने सोपवले, त्या माणसांकडे व्यवसायाविषयी सांगण्यासारखे काय असेल, याचा अंदाज कोणत्याही व्यवस्थापनाच्या वर्गात बसून येणार नाही. यांतल्या बऱ्याच जणांचे शिक्षण सातवी-आठवीच्या पुढे गेले नाही. स्वतः लिहाल तरच ते तुमचे पुस्तक, असा नियम आपण केला, तर आपण त्यांना इतकेच सांगत असतो की तुम्ही न सांगता गेलात तरी चालेल. लिहिता येणाऱ्यांचाच इतिहास उरावा, हा आग्रह प्रामाणिकपणाच्या नावाखाली धरला जातो, तेव्हा मला तो विशेष खटकतो.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा फसवणुकीचा नाहीच. तो असा आहे की, लिहिणे ही विचार करण्याची क्रिया आहे. माणूस स्वतः लिहायला बसला की त्याला आपल्याच सांगण्यातल्या फटी दिसतात. एका वाक्यातून दुसऱ्यात जाता येत नाही तेव्हा कळते की कारण आणि परिणाम यांची सांगड आपण कधी घातलीच नव्हती. हे कष्ट भाड्याने दिले, तर माणूस विचार न करताच विचारवंत ठरतो आणि त्याच्या तोंडी सफाईदार पण कोणाचीही असू शकेल अशी भाषा येते. दुकानांच्या मांडणीवर व्यवसायविषयक मराठी पुस्तके चाळून पाहावीत. प्रत्येकात एक अपयश, एक निद्रानाशाची रात्र, एक गुरुतुल्य भेट आणि मग यशाची सूत्रे! माणसे वेगळी, धंदे वेगळे, तरी आवाज एकच. हा आरोप खरा आहे आणि तो आम्हा शब्दांकन करणाऱ्यांवर आहे. तो मी नाकारत नाही.

पण यातून जो निष्कर्ष काढला जातो तो मला मान्य नाही. विचार कागदावरच होतो, असे कोणी सांगितले? विट्याकडच्या एका वयस्कर गलाई व्यावसायिकाच्या पुस्तकावर मी काम करत होते. पहिल्या प्रकरणाचा मसुदा त्यांना वाचून दाखवताना त्यात एक वाक्य होते : ‘अनोळखी मुलखात जाण्याची जोखीम मी लहान वयातच पत्करली.’ त्यांनी हाताने थांबवले. ‘ताई, जोखीम कसली? बहात्तरच्या दुष्काळात घरात दाणा नव्हता. मामानं नेलं, मी गेलो. मामानं थोरल्याला नेलं असतं, तर मी खडी फोडायला गेलो असतो.’ मग जोखीम कोणाची होती, असे मी विचारले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मामाची. दुकानात दुसऱ्याचं सोनं असायचं आणि त्यानं गावाकडचं पोरगं भट्टीपाशी बसवलं. काही कमी-जास्त झालं असतं, तर बाजारातनं मामा उठला असता.’ त्या उत्तराने प्रकरण मुळापासून बदलले. त्यात पुढे मुशीतल्या धातूचा रंग पाहून आच कधी कमी करायची हे आले, कारागिराच्या बैठकीखालची धूळ आणि दुकानातला केर जाळून त्यातून कणकण सोने कसे काढतात हे आले, तेजाबाच्या धुरात बसून मुलांना लागणारा खोकलाही त्यांनी आग्रहाने घालायला लावला. पण मुख्य म्हणजे, धंद्याचे खरे भांडवल नात्यागोत्यातून आलेली पत होते आणि ती पत एका मुलाच्या चुकीने अख्ख्या गावाची जाऊ शकत होती, हा त्या पुस्तकाचा सगळ्यात मोलाचा विचार तिथे जन्मला. तो विचार माझा नव्हता. माझे वाक्य खोडताना तो त्यांना सापडला. लिहिण्याचे कष्ट मी घेतले हे खरे, पण विचाराचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत, असे कोण म्हणेल?

म्हणूनच माझ्या मते पुस्तक कोणाचे, याची कसोटी खोडण्याच्या अधिकारात आहे. ज्याचे नाव मुखपृष्ठावर आहे, त्याने मसुदा ओळीओळीने ऐकला का, त्यातले न पटलेले काढले का, आणि छापून आलेल्या प्रत्येक वाक्याबद्दल ‘हे मी म्हणतो’ असे तो चारचौघांत सांगू शकतो का? आपल्या परंपरेला ही कसोटी अनोळखी नाही. शिवछत्रपतींची पत्रे बाळाजी आवजींसारख्या चिटणिसांनी लिहिली. त्या पत्रांतली आज्ञा चिटणिसांची आहे असे कोणी मानत नाही. पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब उमटली की मजकूर पुरा झाला. त्यानंतर कोणी एक अक्षर वाढवू नये, हाच तिचा हेतू. मसुदा कोणाचाही असो, मोर्तब ज्याची, त्याचे पत्र. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली म्हणून त्या गेल्यानंतर १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत आली. उतरवून घेण्यात आणि मुलाखतींतून अडीचशे पाने रचण्यात अंतर आहे, हे मला कबूल आहे. गाण्याचा शब्द न्‌ शब्द बहिणाबाईंचा होता. माझ्यासारखीच्या कामात शब्द बऱ्याचदा माझे असतात. म्हणूनच आमच्यावर आणि आमच्याकडून लिहून घेणाऱ्यांवर बंधन जास्त हवे, हे मी मान्य करते.

व्यवसायाच्या क्षेत्रातले याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. जनरल मोटर्स ही कंपनी अनेक दशके चालवणाऱ्या आल्फ्रेड स्लोन यांनी आपल्या कारकिर्दीवरचे पुस्तक ‘फॉर्च्युन’ मासिकाचे लेखक जॉन मॅकडॉनल्ड यांच्या साहाय्याने तयार केले. आठवणी सांगाव्यात आणि दुसऱ्याने टिपून घ्याव्यात, असे ते काम नव्हते. कंपनीची जुनी टिपणे, अहवाल, बैठकांचे कागद बाहेर काढण्यात आले. पुढे उद्योगांच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक म्हणून नावाजलेले आल्फ्रेड चँडलर या कामात संशोधक म्हणून होते. स्लोन यांच्या स्मरणाला प्रत्येक पावलावर कागदाचा आधार मागितला गेला. पुस्तक तयार झाले आणि कंपनीच्या वकिलांनी ते अडवले, कारण मक्तेदारीविरोधी खटल्यात सरकार त्याचा पुरावा म्हणून वापर करील, अशी त्यांना धास्ती होती. तेव्हा कंपनीविरुद्ध न्यायालयात कोण गेले? लेखनसाहाय्यक मॅकडॉनल्ड गेले. १९६४ मध्ये पुस्तक वाचकांच्या हाती पडले, त्यानंतर दोनच वर्षांनी स्लोन वारले. मोबदला घेऊन लिहिणारा माणूस धन्याच्या तालावर नाचतो, असे ज्यांना वाटते त्यांनी या खटल्याचा विचार करावा. व्यवस्थापन शिकणाऱ्यांना ते पुस्तक आजही वाचायला सांगतात, आणि मॅकडॉनल्ड यांचे नाव त्यात संपादक म्हणून छापलेले आहे.

आता फसवणुकीच्या आरोपाकडे येते. मुखपृष्ठावर एकाच व्यक्तीचे नाव असेल, तर वाचक समजतो की भाषाही तिचीच आहे. ती नसेल आणि ते कुठेही सांगितले नसेल, तर वाचकाला अंधारात ठेवले गेले, हे उघड आहे. त्यातही व्यवसायाच्या पुस्तकात धोका वाढतो, कारण ते वाचून तरुण मुले कर्ज काढतात, भागीदारी करतात, नोकरी सोडतात. डोनाल्ड ट्रम्प यांचे व्यवहारकौशल्यावरचे पुस्तक १९८७ मध्ये निघाले. त्याचे लेखक टोनी श्वार्ट्झ यांनी २०१६ मध्ये, ट्रम्प राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरले असताना, आपण त्या पुस्तकात माणसाचे चित्र होते त्यापेक्षा फार आकर्षक रंगवले, याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. शब्दांकनाविरुद्ध याहून मोठा पुरावा विरोधकांना मिळणार नाही, आणि तो मी टाळू इच्छित नाही. पण या प्रकरणात एक गोष्ट लक्ष देण्यासारखी आहे. श्वार्ट्झ यांचे नाव त्या मुखपृष्ठावर पहिल्या दिवसापासून होते. म्हणूनच इतक्या वर्षांनी पत्रकाराला ठाऊक होते की कोणाच्या दारात जाऊन प्रश्न विचारायचा. नाव झाकलेले असते, तर ती कबुली कोणी आणि कोणाकडे दिली असती?

नाव छापण्याचा आग्रह मी धरते तो याच कारणासाठी, केवळ आमच्या मानपानासाठी नाही. आपल्या इतिहासलेखनाने हा धडा फार पूर्वी गिरवला आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींची बखर लिहिली ती जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. मल्हार रामराव चिटणीसाने लिहिली ती साताऱ्याच्या दरबारात. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून अस्सल कागदांचे खंड छापायला सुरुवात केली आणि बखरीतल्या हकिकती त्या कागदांवर घासून पाहिल्या, तेव्हा कितीतरी ठिकाणी बखरकारांचे पितळ उघडे पडले. तरीही बखरी फेकून दिल्या गेल्या नाहीत. कोणी लिहिले, कोणाच्या पदरी असताना लिहिले, कोणत्या घराण्याचा अभिमान बाळगून लिहिले, हे ठाऊक असल्यामुळे त्यांतले किती घ्यायचे आणि किती सोडायचे हे अभ्यासकाला ठरवता येते. शंभर वर्षांनी सांगली-साताऱ्याच्या कारखानदारीचा इतिहास लिहिणाऱ्याला आजची आत्मकथने हाती घ्यावी लागतील. त्याला हे ठरवण्याची सोय आपण ठेवणार आहोत की नाही?

आणि नाव देण्याने मूळ कर्त्याचे महत्त्व कमी होते, ही भीती तर निराधार आहे. ‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥’ ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या ओव्यांतच तिच्या लेखनिकाचे नाव आले आहे. त्यामुळे गेल्या सातशे वर्षांत ज्ञानेश्वरांचा अधिकार तसूभरही उणा झाला काय? हेन्री फोर्ड यांच्या १९२२ च्या आत्मवृत्तावर सॅम्युअल क्राउदर यांचे नाव आहे. क्रायस्लर कंपनीला बुडताना वाचवणाऱ्या ली आयकोका यांचे आत्मचरित्र १९८४ मध्ये विल्यम नोव्हाक यांच्या नावासह निघाले आणि सलग दोन वर्षे अमेरिकेत सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या अग्रभागी राहिले. सहलेखकाचे नाव दिसले म्हणून कोणी ते परत ठेवले नाही. मराठीतही ‘शब्दांकन’ असे लिहून खाली नाव देण्याची रीत कित्येक प्रकाशक पाळतात. ज्यांना ती पाळायची नसते त्यांची खरी अडचण वाचकांची नसून समारंभाच्या व्यासपीठाची असते. तिथे हारतुरे स्वीकारताना लेखक म्हणून एकट्यालाच उभे राहायचे असते.

दुसऱ्या बाजूचे, म्हणजे ‘सगळेच करतात, पैसे दिले, विषय संपला’ असे म्हणणाऱ्यांचे मत मला पहिल्यांपेक्षा जास्त चुकीचे वाटते. घराच्या उपमेतच त्याचे उत्तर आहे. घर बांधून घेणारा मालक ‘या भिंती मी रचल्या’ असे कोणाला सांगत नाही. शिवाय पैसे दिले की विषय संपतो, हे आपला कायदाही म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाराच असतो. पण बाहेरच्या लेखकाला मानधन देऊन काम सोपवले असेल, तर मजकुराचे हक्क आपोआप उद्योजकाकडे जात नाहीत. ते लेखी आणि सहीनिशी हस्तांतरित करावे लागतात. मुदत लिहिली नसेल, तर पाच वर्षे धरली जातात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. सगळे हक्क विकून टाकले, तरी हे लेखन माझे आहे असे म्हणण्याचा लेखकाचा विशेष हक्क याच कायद्याच्या कलम ५७ ने शाबूत ठेवला आहे. आपल्याकडे मात्र हा सगळा व्यवहार चहाच्या कपावर ठरतो. ‘पुस्तक होऊ द्या, तुमचं काय ते बघू’ एवढ्या शब्दांवर तरुण लेखक वर्षभर मुलाखती घेतो, ध्वनिमुद्रणे उतरवतो, मसुदे फिरवतो, आणि शेवटी अर्धे मानधन व ऋणनिर्देशातली एक ओळ हाती घेऊन बाहेर पडतो. प्रकरण आवडले नाही तर किती वेळा बदलायचे, मध्येच काम थांबले तर झालेल्या कामाचे काय, ध्वनिफिती कोणाकडे राहणार, दुसऱ्या आवृत्तीत किंवा इंग्रजी भाषांतरात लेखकाला काही मिळणार की नाही, हे पहिल्याच बैठकीत कागदावर आले पाहिजे. सौदापावतीशिवाय हळदीचे एक पोते उचलू न देणारे व्यापारी पुस्तकाच्या बाबतीत तोंडी बोलीवर कसे राहतात, हे मला कळलेले नाही.

एक आक्षेप उरतो आणि तो मला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो. शब्दांकनाला पैसे लागतात. म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचीच गोष्ट लिहिली जाईल, आणि तीही त्याला हवी तशी. साखर कारखान्यांच्या अध्यक्षांचे गौरवग्रंथ ज्यांनी चाळले आहेत, त्यांना हा आक्षेप समजावून सांगावा लागणार नाही. त्यांत ऊसदराचे आंदोलन नसते, थकलेला पगार नसतो, बुडालेली पतसंस्था नसते. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, पण दोन गोष्टी सांगता येतात. पहिली म्हणजे, हा दोष दुसऱ्याने लिहिल्यामुळे येत नाही. स्वहस्ते लिहिलेल्या आत्मचरित्रांतही माणसे आपली लफडी गाळतात. उलट बाहेरचा लेखक असला तर निदान प्रश्न विचारणारा एक माणूस खोलीत असतो. २००५ च्या महापुरात सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत, पाणी शिरले. त्या धंद्यातला माणूस स्वतः लिहायला बसला, तर ‘पुराने मोठे नुकसान झाले, पण खचलो नाही’ एवढ्यावर त्याची लेखणी पुढे सरकेल. पेवात माल कोणाचा होता, शेतकऱ्याचा की व्यापाऱ्याचा, नुकसान कोणी सोसले, विमा होता का, त्यानंतर पेवावरचा भरवसा टिकला की माल शीतगृहाकडे वळला, हे विचारणे हे लेखनसाहाय्यकाचे काम आहे. ज्याला हे प्रश्न विचारू दिले जात नाहीत, त्याने ते काम सोडावे. संगणकाला चार मुद्दे सांगून प्रकरणच्या प्रकरण तयार करून घेण्याची सोय आता झाली आहे, आणि ती स्वस्त आहे म्हणून अनेकांना मोहात पाडते आहे. पण सांगितले ते निमूटपणे फुलवून देणाऱ्या यंत्राने गौरवग्रंथांची संख्याच वाढेल.

दुसरी गोष्ट प्रत्यक्ष करण्याजोगी आहे. कारखान्याच्या रौप्य किंवा सुवर्ण महोत्सवासाठी मालकाचे पुस्तक काढायचे ठरले, की त्याच खर्चात, त्याच लेखकाकडून कारखान्यातल्या जुन्या माणसांच्याही मुलाखती घ्याव्यात. ओतकामाची वाळू मुठीत दाबून तिच्यात पाणी किती आहे हे ओळखणारे मोल्डर आपल्या औद्योगिक वसाहतींत अजून आहेत. संप त्यांनी मालकाच्या विरुद्ध बाजूने पाहिला आहे आणि मंदीत घरी बसवलेल्यांची नावे त्यांना पाठ आहेत. मालकाच्या प्रकरणाशेजारी त्यांचे प्रकरण त्यांच्या नावाने छापले, तर दोन्हींची विश्वासार्हता वाढेल. जे मालक याला तयार होणार नाहीत, त्यांच्या पुस्तकाकडे कोणत्या नजरेने पाहायचे हे वाचकांना आपोआप कळेल. ग्रंथालये आणि पुरस्कार देणाऱ्या संस्थाही एक साधी अट घालू शकतात : आत्मकथन म्हणून आलेल्या पुस्तकात ते कसे तयार झाले, मुलाखती कोणी घेतल्या, कोणते कागद पाहिले आणि मसुदा कोणी लिहिला, हे एका पानात नमूद केलेले असावे. ते पान नसेल, तर पुस्तक स्पर्धेसाठी घेऊ नये. ज्या पुस्तकावरून सांगलीत हा वाद पेटला, त्याच्या प्रकाशकाला पुढच्या आवृत्तीत असे पान घालणे अजूनही शक्य आहे, आणि दोन्ही बाजूंनी मिळून त्याच्याकडे तेवढेच मागावे.